पहिले ठोके

सोमवार
आलो एकदाचा! खोली झकास आहे, खिडकीतून अख्खी साइट दिसते. इथे सहा मजली रुग्णालय व्हायचंय. खालची चिकणमाती ते ओझं पेलेल का, हे मी सांगायचं. आईला फोनवर समजावलं : सळईवर ठरावीक उंचीवरून हातोडा सोडायचा आणि ती आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचे. ठोके जास्त, तर माती भक्कम. पहिल्या पंधरा सेंटिमीटरचे मात्र सोडून द्यायचे, कारण तिथली माती भोक पाडताना चाळवलेली असते. आई म्हणाली, एवढ्यासाठी तुला इतकं शिकवलं? मुकादम मला जावईबापू म्हणतो. आधीचा इंजिनिअर काल न सांगता पळाला म्हणे. त्याची चप्पल अजून दाराशी आहे.

मंगळवार
माती बघायला खणलेला खड्डा कालपरवाच बुजवलाय, त्याच्या अगदी कडेला चाचणी घेतली. सुरुवातीलाच हातोडा थांबला की खालून बारीक टकटक यायची. मजूर चपापले. मी म्हटलं, पहिल्या पंधरातलं आहे, सोडा. सगळे हसले, मुकादम जरा जास्तच. निकाल दोन ठोके; लोण्यात सुरी जावी तशी सळई गेली. मुकादम म्हणाला, आठ लिहा. मी साफ नाही म्हटलं.

बुधवार
त्याच जागी पुन्हा टकटक, पण मंद. सळई थरथरत असेल, असं मनाला बजावलं. संध्याकाळी आधीच्या इंजिनिअरच्या बायकोचा फोन आला. तो घरी पोचलाच नाही. त्यालाही आठ लिहायला सांगत होते, त्यानं दोनच लिहिले होते. जेवण गेलं नाही.

गुरुवार
टकटक नाही. सळईच्या टोकाची, मातीचा नमुना घेणारी नळी उघडली. राखाडी माती, त्यात नख. माणसाचं. तो मंगळवारी जिवंत होता आणि मी सोडा म्हटलं. पोलिसांना बोलावतो म्हणालो. मुकादम म्हणाला, आधी खड्डा उकरून बघू, उगाच बोभाटा नको.

शुक्रवार
शिडीनं उतरलो. बूट दिसले. वर पाहिलं तर शिडी वर ओढली जातेय — मग माती —

वार कळत नाही
फळ्या आडव्या पडल्यात म्हणून श्वास येतोय. फोनला रेंज नाही, नुसता उजेड. तो शेजारीच आहे. आई —

हातोडा. नवीन कोणीतरी आलाय, आवाज तरुण, हसरा. सळई खांद्याशी आली. मी दगडानं तिच्यावर ठोकतोय.

थांबले. ऐकलं त्यांनी. ऐकलं!

मी सळईला कान लावलाय. वरून तो नवा म्हणतोय, पहिल्या पंधरातलं आहे, सो—