बाबांचा कॉम्प्युटर अपग्रेड करणाऱ्यास

दादा,

बाबांच्या कॉम्प्युटरला हात लावायला तुला सांगितलं कुणी? लिनक्सची नवी आवृत्ती आली की तुझे हात शिवशिवतात, ते तुझ्या लॅपटॉपवर चालू देत. बाबांना मी मुद्दाम पाच वर्षं टिकणारी आवृत्ती घालून दिली होती. तिला अजून तीन वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळणार होते. तू घातलीस ती दर सहा महिन्यांनी येणारी. नऊ महिन्यांत तिला कुणी वाली उरत नाही. तेव्हा पुन्हा सगळं उचकटणार का?

मेंदूचा झटका येऊन गेल्यावर फोटो कुठे उघडतात हे शिकायला त्यांना अख्खा उन्हाळा लागला होता. आज डावीकडची बटणं जागेवर नाहीत म्हणून माउस धरून नुसते बसून राहिले. मग मला म्हणाले, "बघ, पुन्हा विसरलो."

जुन्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह कीबोर्डखाली ठेवलाय. त्यांचे फोटो दुसरीकडे उतरवून घे, मग सगळं पुसून ती घाल. तूच केलंस, तूच निस्तर. मी कामावर चाललेय. थांबले असते तर त्यांच्यासमोरच भांडण झालं असतं.

आणि हे सगळं नंतर. आधी त्यांच्याजवळ बस आणि सांग, "बाबा, तुम्ही विसरला नाहीत. मी बदललं."