कोरड्या तळ्याचा रस्ता बंद करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य संरक्षण अधिकारी,
वाळवंट संरक्षण कार्यालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : कोरड्या तळ्याकडे जाणारा रस्ता सर्वांसाठी, अर्जदारासह, कायमचा बंद करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा छायाचित्रणासाठीचा प्रवेश परवाना.
२) संरक्षित क्षेत्रात कचरा टाकल्याबद्दल अर्जदारास आलेली आपल्या क्षेत्रीय कार्यालयाची नोटीस.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा व्यवसायाने पासपोर्ट फोटो काढणारा आहे. बसस्थानकामागच्या गल्लीत त्याचा एका खोलीचा स्टुडिओ असून पांढऱ्या पडद्यापुढे माणूस बसवणे, "हनुवटी जरा खाली, हसू नका" असे सांगणे व बटण दाबणे, यातच त्याची उमर गेली. इतके चेहरे पाहिल्यावर माणसाला चेहऱ्यांचा वीट येतो. ज्यात एकही माणूस नाही असा एक तरी फोटो आपल्या हातून निघावा, एवढीच त्याची इच्छा होती. ती बेकायदेशीर नसावी.

१. अर्जदाराची थोरली बहीण पूर्वी रुग्णवाहिका चालवीत असे. हल्ली ती एक जुनी फोर-बाय-फोर जीप स्वतः दुरुस्त करून चालवते. वाळवंटात जायचे ठरल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला, अर्जदाराने मांडून ठेवलेल्या लेन्सांकडे पाहिले आणि विचारले, "या प्यायच्या आहेत का?" त्यानंतर अर्ध्या लेन्सा घरी राहिल्या व त्या जागी पाण्याचे कॅन आले. दोन स्टेपन्या, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या, गाडी ओढायचा पट्टा, भाड्याचा सॅटेलाइट फोन, सगळे तिने हाताने तपासून घेतले. अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, ते अर्जदाराच्या पत्नीने फ्रिजवर चिकटवले व म्हणाली, "तुमचं काही खरं नाही. वन्सं आहेत म्हणून सोडतेय."

तळ्याकडे जायला रस्ता असा नव्हताच. जुने मोजणीचे नकाशे आणि उपग्रहाची चित्रे शेजारी शेजारी ठेवून बहीणभावांनी तो शोधला: टेकड्यांच्या मधून, खडीच्या कोरड्या पात्राने, एका जागी टायरमधली हवा कमी करून. नियमाप्रमाणे हा मार्ग अर्जदाराने स्वहस्ते पेन्सिलीने काढून परवान्याच्या अर्जासोबत जोडला. आखणीत कसूर राहू नये म्हणून तो फारच नीट काढला होता.

२. एकटी गाडी वाळवंटात सोडता येत नाही, सोबत दुसरी हवी, असे आपल्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी कळवले. बहीण म्हणाली, "हा नियम कुणीतरी शहाण्यानं केलाय." तिने आपल्या ओळखीच्या एका मेकॅनिकचे व त्याच्या गाडीचे नाव दिले. त्यावर क्षेत्रीय अधिकारी म्हणाले, "दुसऱ्या गाडीची व्यवस्था कार्यालय करील. निर्धास्त राहा."

व्यवस्था म्हणजे क्षेत्रीय अधिकाऱ्यांचे मेहुणे निघाले.

३. मेहुणे व त्यांचे तीन मित्र नव्या कोऱ्या गाडीतून आले. गाडीच्या सीटवरचे प्लास्टिकही अजून काढलेले नव्हते. मागे मात्र एक भलामोठा स्पीकर होता. बहिणीने विचारले, "पाणी किती घेतलंय?" मेहुणे म्हणाले, "आहे की! बर्फ आहे, बिअर आहे." बहिणीने आपल्या कॅनमधले दोन त्यांच्या गाडीत चढवले. पहिल्याच मुक्कामी त्यातल्या एका कॅनने त्यांनी पाय धुतले.

तिथून पुढे अर्जदार वाटेवर त्यांच्या मागे थर्मोकोलच्या ताटल्या, बाटल्या आणि तोंड पुसलेले ओले कागद गोळा करून जीपच्या मागच्या स्टेपनीला बांधलेल्या पोत्यात भरीत गेला. एका मित्राने नाक शिंकरलेला कागद झुडपाच्या काट्याला टोचून ठेवला होता. अर्जदाराने तो काढताच मित्र म्हणाला, "काका, वाळूच आहे. गाडलं जाईल." अर्जदाराला जेवण गेले नाही.

४. तळे दिसले तेव्हा ऊन कलले होते. वाळलेल्या गाळाच्या खपल्या क्षितिजापर्यंत पसरलेल्या, त्यावर एक पाऊल नाही की रेघ नाही. बहिणीने जीप काठावरच थांबवली. अर्जदाराने आपोआप चपला काढल्या. तो ट्रायपॉड घेऊन काठाने चालत गेला, बसला आणि खपल्यांच्या कडांवर तिरपा उजेड चढण्याची वाट पाहू लागला. महोदय, त्या वेळी त्याचे डोळे भरून आले होते, हे शासकीय अर्जात लिहिणे योग्य नसल्यास खोडावे.

तेवढ्यात मेहुण्यांची गाडी सरळ तळ्यात शिरली. एक मित्र खिडकीतून अर्धा बाहेर लोंबत किंचाळत होता, स्पीकर बोंबलत होता, आणि गाडी घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत होती. खपल्या चाकाखाली कडाकडा फुटत होत्या. मग मेहुणे बॉनेटवर चढले, हात पसरले आणि ओरडले, "काका, एक फोटो काढा की!" एकदाचा फोटो मिळाला की टळतील, या आशेने अर्जदाराने तो काढला. इतकेच नव्हे, तर सवयीप्रमाणे तोंडातून "हनुवटी जरा खाली" हेही निघून गेले. याचा त्याला आजही संताप येतो.

मेहुणे टळले नाहीत. पुढच्याच फेरीला वरचा थर फुटला आणि गाडी खालच्या ओल्या गाळात आसापर्यंत बसली.

५. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सर्वांनी गाळ उपसला. पट्टा लावला, फळ्या घातल्या. गाडी हलली नाही. उन्हाच्या भरात मेहुण्यांच्या एका मित्राला घाम यायचा थांबला व तो भलतेसलते बरळू लागला. बहिणीने त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "गाडी गेली खड्ड्यात. हा माणूस आधी." सॅटेलाइट फोनवरून क्षेत्रीय कार्यालयास कळवले असता "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असे उत्तर मिळाले.

जीपमध्ये आता सहा माणसे बसवायची होती, त्यातला एक आडवा. बहिणीने मागचे दार उघडून अर्जदाराकडे नुसते पाहिले. अर्जदाराने कॅमेऱ्याची काळी पेटी व ट्रायपॉड उचलून वाळूवर ठेवले. पाणी कपड्यावर ओतून तो वाटभर त्या माणसाचे अंग पुसत राहिला. तो माणूस त्याच्या मांडीवर दोनदा ओकला. मेहुणे पुढच्या सीटवरून म्हणाले, "ताई, एसी जरा वाढवता का? इथं वास येतोय." बहिणीने एसी बंद केला व काच उघडली.

तो माणूस वाचला. याचे अर्जदारास मनापासून समाधान आहे.

६. पुढे आपल्या कार्यालयाचा ट्रॅक्टर जाऊन मेहुण्यांची गाडी सन्मानाने घेऊन आला. अर्जदाराची पेटीही आली, पण 'बेवारस कचरा' म्हणून, आणि पाठोपाठ नोटीस आली. परवाना अर्जदाराच्या नावे असल्याने तळ्याचा पृष्ठभागही त्यानेच पूर्ववत करून द्यावा, असे तीत म्हटले आहे. तो कसा करावा, असे विचारले असता लिपिक विचार करून म्हणाले, "झाडून बघा."

७. नोटिशीचे उत्तर देण्यासाठी अर्जदार क्षेत्रीय कार्यालयात गेला, तेव्हा दारातच नवा रंगीत फलक लागलेला दिसला. फलकावर मेहुणे होते. बॉनेटवर उभे, हात पसरलेले, मागे चाकांची वेटोळी. पेटीतल्या कार्डावरून तो फोटो काढून घेतलेला होता. वर लिहिले होते, 'अस्पर्श वाळवंट अनुभवा! दर रविवारी सहल', संयोजक म्हणून मेहुण्यांचे नाव. आणि खाली अर्जदाराचा नकाशा होता. तीच पेन्सिल, तेच वळण, 'इथे हवा कमी करणे' ही बहिणीची सूचनासुद्धा. चार रविवार सहली जाऊनही आल्या होत्या.

क्षेत्रीय अधिकारी म्हणाले, "अहो, तुमचंच काम लोकांपर्यंत पोचतंय, रागावता कशाला? कचऱ्याचं मान्य करून सही करा, नोटीस मिटवतो. वर नवा परवाना देतो." असे म्हणून त्यांनी पेन पुढे केले.

अर्जदारास शिसारी आली. या शब्दास कार्यालयीन पर्याय त्यास सापडला नाही. त्याने पेन घेतले नाही, पेटीही मागितली नाही.

सबब विनंती की, सदर फलक उतरवावा, सहली थांबवाव्यात व तळ्याकडचा रस्ता सर्वांना बंद करावा. ज्यांना प्रवेश नाही अशांची नावे लिहाल, तेव्हा पहिले नाव अर्जदाराचे लिहावे. तो रस्ता त्यानेच काढून दिला. परवाना सोबत परत करीत आहे.

हा अर्ज बहिणीस वाचून दाखवला असता ती म्हणाली, "फार गोड लिहिलंस." म्हणून पुढील मजकूर तिच्या सांगण्यावरून जोडला आहे: उद्या हीच माणसे पुन्हा त्याच तळ्यात रुतली आणि आपल्या कार्यालयाचा फोन लागला नाही, तर आम्ही बहीणभाऊ जीप घेऊन जाऊ, रस्ता बंद असला तरी जाऊ, सामान वाळूवर टाकू आणि त्यांना उचलून आणू. मात्र त्यांच्याशी एक शब्द बोलणार नाही.

कळावे, कारवाई व्हावी.

आपला, अद्याप नम्र,
(सही)
अर्जदार

वरील शेवटचा मजकूर मान्य,
(सही)
अर्जदाराची थोरली बहीण

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : १) मूळ परवाना. २) नोटीस, सही न केलेली. ३) वाटेत गोळा केलेला कचरा, एक पोते, आवक खिडकीवर घेण्यास नकार दिल्याने जिन्याखाली ठेवला आहे.