'रद्द' आवाज परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
शासकीय बोलके वाचनालय (दृष्टिहीनांसाठी),
घमापूर, जबलपूर (म.प्र.)

अर्जदार : सौ. शैलजा रत्नाकर उमाळकर, माजी मानद वाचक, रा. महाराजपूर, अधारताल, जबलपूर

विषय : खंडेनवमीच्या साफसफाईत पुसल्या गेलेल्या 'रद्द' नावाच्या फोल्डरमधील माझा आवाज परत काढता यावा यासाठी ध्वनिमुद्रण कक्षातील संगणक तत्काळ बंद ठेवणे व त्याची डिस्क काही दिवसांसाठी देणेबाबत.

संदर्भ : १) माझा दसऱ्यानंतरचा अर्ज. २) माझा दिवाळीपूर्वीचा अर्ज. ३) 'प्रकरण निकाली' असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

१. वरील दोन्ही अर्ज मी कार्यालयाच्या रीतीप्रमाणे हिंदीत केले होते. हा मराठीत आणि हाताने लिहिते आहे. आपण अकोल्याकडचे आहात असे आपल्या ध्वनिमुद्रण कक्षातल्या बंडूने सांगितले, हे एक कारण. दुसरे कारण परिच्छेद ६ मध्ये येईल. कृपया तोवर हा अर्ज आवक लिपिकाकडे पाठवू नये.

२. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आपल्या वाचनालयात अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करीत असे. बंडू तिथला सहायक, तो यंत्र सांभाळी. माझे पती श्री. रत्नाकर यांची नजर काचबिंदूने तेव्हा जात चालली होती. त्यांना घरी एकटे ठेवता येत नसे, म्हणून ते कक्षात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असत. आता त्यांना काहीच दिसत नाही. मागच्या वर्षी माझ्या घशात गाठ निघाली आणि शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावे लागले, त्यामुळे मला बोलता येत नाही. म्हणजे आमच्या घरी एकजण लिहू शकतो, पण दुसऱ्याला ते वाचता येत नाही. दुसरा ऐकू शकतो, पण पहिल्याला बोलता येत नाही. मी त्यांच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढते. 'चहा' लवकर होतो. भांडण मात्र करताच येत नाही, कारण मी अर्ध्या वाक्यावर आले की ते मूठ मिटून घेतात.

३. वाचताना मी चुकले, खोकले किंवा मध्येच कोणावर रागावले की तेवढा तुकडा कापून बंडू 'रद्द' या फोल्डरमध्ये ठेवत असे. तो पुसून टाकायला पाहिजे होता, पण काकूंचे बोलणे ऐकून करमणूक होते म्हणून त्याने तो ठेवला. वर्षानुवर्षे त्यात भर पडत गेली. "बंड्या, पंखा बंद कर ना बाबा, घरघर येऊन राहिली." "अहो, काहून हसून राहिले तुम्ही? इथं रेकॉर्डिंग चालू आहे ना!" "चहा ठेवला आहे तुमच्या उजव्या हाताला, सांडवाल." असे सगळे. महोदय, मला बस एवढेच पाहिजे.

४. आपल्या पत्रात म्हटले आहे की मी वाचलेली सर्व पुस्तके सुरक्षित असून त्यांच्या प्रती भोपाळलाही आहेत, आणि पुसलेले तुकडे साठा नोंदीत नसल्यामुळे ते हरवले असे मानता येत नाही. पुस्तके सुरक्षित आहेत याचा मला आनंद आहे. पण ती सगळी हिंदीत आहेत. मी ती शाळेच्या प्रार्थनेत उभे राहिल्यासारखी ताठ, शुद्ध हिंदीत वाचली आहेत. भूगोलाचे पुस्तक मी यांना घरी लावून ऐकवले. पाच मिनिटे ऐकून ते म्हणाले, "ही हिंदीवाली मॅडम कोण आहे? बंद कर तिला. माझ्या शैलाला लाव." जन्मभर जबलपुरात राहिलो. दारातून बाहेर पडले की हिंदी आणि दार लावले की मराठी, असा आमचा संसार झाला. घरातली शैला फक्त त्या रद्द तुकड्यांत होती. घरी बोलणे कोणी रेकॉर्ड करून ठेवते काय? मला काय माहीत होते की एक दिवस बोलणेच संपेल!

५. आता चूक कशी झाली ते. नवमीला सर्व यंत्रांची पूजा होईल, त्याआधी प्रत्येक विभागाने अनावश्यक वस्तू काढून स्वच्छता करावी, असा आपला आदेश होता. बंडूच्या घरी तीन पिढ्या इथल्या तोफांच्या फॅक्टरीतल्या, त्यामुळे हत्यार पुजायचे तर आधी ते आतूनबाहेरून घासायचे ही त्याची रीत. त्याने संगणक पुसला, पंख्याची जाळी धुतली, मग आतले 'रद्द'ही साफ केले, आणि हळदकुंकू लावून फूल वाहिले. नंतर मला भेटून रडला. "काकू, साहेबांनी म्हटलं सफाई करा, मी अंदरून पण करून दिली." त्याला शिक्षा होऊ नये, ही या अर्जातली दुसरी विनंती समजावी. त्याच्याएवढ्या भक्तीने सरकारी यंत्र आजवर कोणी पुसले नसेल.

६. पुसलेल्या फाइली काढून देणारे श्यामसुंदरजी यांना मी सगळे लिहून दाखवले. ते म्हणाले, "माताजी, आवाज़ अभी वहीं है. घर खाली नहीं हुआ, सिर्फ़ दरवाज़े से नाम की तख्ती उतरी है. पर मशीन चलती रही तो कोई नया किरायेदार अंदर आ जाएगा." म्हणजे त्या डिस्कवर नवीन काहीही साठवले की माझा थोडा आवाज कायमचा जातो. आणि कार्यालयात चालू संगणक तो एकच आहे. माझा पहिला अर्ज आला, तो त्याच संगणकावर स्कॅन करून ठेवला गेला. दुसराही तसाच. निकाली काढल्याचे आपले पत्र त्यावरच टंकलिखित झाले. माझ्याच विनवण्या माझ्या आवाजावर जाऊन बसल्या, महोदय! पंख्यावरून ओरडलेली मी गेले की चहाबद्दल बोललेली, कोणास ठाऊक. म्हणून हा अर्ज नोंदवू नये, स्कॅन करू नये. मराठीत असल्याने लिपिक थोडा अडखळेल, तेवढीच मला आशा.

७. सुनावणीबद्दलही लिहिणे भाग आहे. दुसऱ्या अर्जावर मला 'समक्ष हजर राहून तोंडी म्हणणे मांडावे' असा निरोप आला. मी हजर राहिले. आपण दौऱ्यावर होता. समोरच्या बाबूजींना मी पाटीवर लिहून दाखवू लागले, तर त्यांनी हात वर करून सांगितले की लेखी म्हणणे आधीच आले आहे, आज फक्त तोंडी घ्यायचे आहे. मी गळ्यावरचा रुमाल काढून त्यांना छिद्र दाखवले. त्यांनी मान फिरवली. नंतर कागदावर लिहिले गेले : 'अर्जदार उपस्थित, परंतु काही बोलल्या नाहीत. सबब प्रकरण निकाली.' चाळीस वर्षे वर्गात मला गप्प बसवण्याची कोणाची छाती झाली नाही. त्या दिवशी मी रिक्षात बसून रडले, आणि माझ्या रडण्यालाही आवाज नाही.

८. सोमवारपासून इतिहासाचे नवीन ध्वनिमुद्रण त्याच संगणकावर सुरू होणार आहे असे बंडू सांगतो. मुलांची परीक्षा आहे, ते थांबवा असे मी म्हणणार नाही. सोबत नवी डिस्क जोडली आहे. ती बसवावी, इतिहास तीवर सुखाने वाचला जावा, आणि जुनी डिस्क मला काही दिवस द्यावी. त्यात सरकारचे काही गुपित असेल तर बंडूला किंवा हवे तर शिपायाला पहाऱ्यावर बसवावे. मी त्याला जेवूखाऊ घालीन.

९. हे सगळे इतक्या घाईने का, तेही सांगते. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला हे रोज म्हणत, "बोल ना शैला." मग म्हणू लागले, "तू पंख्यावरून कशी ओरडायची ना!" हल्ली म्हणतात, "तुझा आवाज कसा होता, नीट आठवून नाही राहिला." परवा टीव्हीवर मराठी मालिका चालू होती. त्यातली एक बाई मऊ, सुरेख पुणेरी बोलत होती. हे एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "शैला, तू अशीच बोलायची ना?" मी अशी कधीच बोलत नव्हते. 'नाही' लिहायला मी त्यांचा हात हातात घेतला. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की माझ्या बोटाने 'हो' लिहिले. आता रोज संध्याकाळी ते त्या बाईची वाट पाहतात, आणि मी त्यांच्या शेजारी बसलेली असते.

उत्तर पाठवू नये. बंडूच्या हाती डिस्क पाठवावी.

सोमवारच्या आत दार वाजेल म्हणून कान देऊन बसलेली,
सौ. शैलजा रत्नाकर उमाळकर
जबलपूर, दि. १६ नोव्हेंबर २०१२

सोबत :
१) शस्त्रक्रियेच्या कागदाची प्रत
२) पतीच्या अंधत्वाचा दाखला
३) नवी डिस्क, खोक्यासह, सीलबंद