वीस मार्चची ओंजळ

पुणे, १२ मार्च २०११

प्रिय अनिरुद्ध,
सप्रेम जयभीम.

शालन गेली, बाळही गेलं, तेव्हा अमेरिकेहून आल्या आल्या तू मला एकच विचारलं होतंस : तिच्या पोटात कुठलं पाणी गेलं? मी माहीत नाही म्हणालो. अकरा महिने झाले. मला माहीत होतं.

आता तू हिंजवडीला, तासाभराच्या अंतरावर. तरी पत्र लिहितोय, कारण समोर बोलायला गेलो की माझं भाषण होतं.

इकडे ठीक. सभा बंद आहेत. मंडईतून भाजी आणतो, तुझ्या सासूबाई ती करतात, आम्ही जेवतो. सोमवारी पुन्हा गारा पडल्या. पूर्वी मार्चात असा पाऊस नसायचा, हे मी मंचावरून किती वेळा म्हटलं असेल. ऋतू बिघडले की आजार बदलतात, पहिला घाव वस्तीवर पडतो, सगळं तोंडपाठ होतं. जावई होण्याआधी तू अभ्यासवर्गात ते लिहून घ्यायचास.

गेल्या वर्षी वीस मार्चलाही तेच बोललो. त्या आठवड्यात अवकाळी पावसानं स्वारगेटमागचा आपला नाला वस्तीत शिरला होता. धरणात पाणी कमी म्हणून नळ दिवसाआड येत होता. नंतर डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, रिकामा जुना पाइप बाहेरची घाण आत ओढतो. नाला आणि नळ मंचापासून वीस पावलांवर होते. मी हिमालयातल्या बर्फाबद्दल बोलत होतो.

मग आपला रिवाज. चवदार तळ्याच्या आठवणीत, भाषण संपलं की वस्तीच्या नळाचं पाणी सगळ्यांनी ओंजळीनं प्यायचं. शालन सातव्या महिन्यात माहेरी आलेली. तिनं हळूच विचारलं, तात्या, माझ्यापुरतं उकळलेलं चालेल ना? मी माइकवरूनच म्हणालो, आमच्या इंजिनिअरबाईंना कंपनीच्या बाटलीशिवाय पाणी घशाखाली उतरत नाही बघा! लोक हसले. तीही हसली आणि तिनं ओंजळ पुढे केली. पाणी मीच ओतलं.

एप्रिलात वस्तीत चौदा जणांना कावीळ झाली. तेरा बरे झाले. ही कावीळ गरोदर बाईला सोडत नाही, हे मला तेव्हा कळलं. इतकं वाचलं, हे वाचलं नव्हतं. त्या दिवशी तिच्या पिशवीत घरून उकळून आणलेल्या पाण्याची बाटली होती. ती अजून मांडणीवर आहे, भरलेली.

येत्या वीस तारखेला वस्तीच्या फळ्यावर वक्ता म्हणून पुन्हा माझं नाव आहे. ओंजळ मोडायची नाही. आपल्या माणसांनी ती कशी मिळवली हे मी विसरलेलो नाही. पण शेजारच्या द्वारकाबाईंना सांगितलंय, पाणी आदल्या दिवशी उकळून गार करून ठेवा. त्या म्हणाल्या, या वर्षी हे काय नवीन, तात्या? मी म्हणालो, का ते मंचावरून सांगेन. घरी आल्यावर लक्षात आलं, हे माइकवर ऐकायची वेळ तुझ्यावर येऊ नये. एकदा माइकवर बोललो ते पुरे.

तुझाच,
तात्या