लाल टेकडीवरचं माझं भाषण

कात्रज, पुणे
रविवार

आदरणीय आनंदीताई,

सप्रेम जय भीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींचा खोकला गेला असेल तर बिडीलाही त्याच्या मागोमाग जाऊ द्या म्हणावं. इथे सगळे ठणठणीत, माझा आवाज तेवढा बसला आहे. (शेजारी कमालीचे समाधानी दिसतात. पुण्यात कुणाच्या आजाराचं इतकं मनापासून स्वागत मी प्रथमच पाहिलं.)

परवा फोनवर तू विचारलंस, पोरगी एवढं शिकून फोटो रंगवते म्हणजे करते तरी काय? ताई, तुझी दीक्षा उपग्रहाने काढलेले पृथ्वीचे फोटो नीट करते. वरून येतो तो फोटो धुरकट, निळसर असतो. तो धुरकटपणा ती काढते. एक तुकडा दिवाळीतला आणि दुसरा शिमग्यातला असला, तर दोन्हींचा उजेड असा जुळवते की सांधा शोधून सापडत नाही. आता आमच्या सोसायटीमागच्या टेकडीवरून एका बिल्डरला रस्ता न्यायचा आहे, आणि तिथे झाडंच नाहीत असं त्याने लिहून दिलं आहे. रस्ता झाला की टेकडी गेली. सुनावणी लागली तेव्हा मी दीक्षाकडेच फोटो मागितला. तिने दिला तो खाकी! झाडं वाळल्या गवतात हरवलेली. मी म्हटलं, बाई, जरा हिरवा कर. तर माझ्यासारख्या, आयुष्यभर व्यासपीठ गाजवलेल्या माणसाला ती म्हणते, "मामा, मी धूळ पुसते. झाडं लावत नाही." (हा ताठ कणा आपल्या घराण्याचा. दाजींना हे वाचून दाखवू नकोस.)

मग झाडं उठून दिसावीत म्हणून तिने दुसरा फोटो केला. त्यावर जागोजागी लालभडक डाग आणि मधून एक निळसर पट्टा. तो कसा वाचायचा हेही तिने मला सविस्तर समजावलं. मी मान डोलावली. (मनात तेव्हा भाषणाचा शेवट घोळवत होतो. वक्त्याला एका वेळी एकच आवाज ऐकू येतो, आणि तो त्याचा स्वतःचा असतो.)

सुनावणीत मी तो लाल फोटो दोन्ही हातांनी उंच धरला. काय बोललो म्हणून सांगू! हे डाग नव्हेत, या जखमा आहेत. जिथे जिथे लाल, तिथे तिथे कुऱ्हाड चालली. एक झाड शिल्लक नाही. उरला आहे तो फक्त हा निळाशार ओढा! मागच्या बाकावर आमचे चेअरमन चक्क डोळे पुसत होते. तेवढ्यात बिल्डरचे वकील उठले, मला हात जोडले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सरांचे आभार. झाडं नाहीत, एवढंच आमचंही म्हणणं आहे."

ताई, मी उंच धरलेला फोटो हळूच खाली घेतला.

तेव्हा दीक्षा उठली. आवाज न चढवता म्हणाली, साहेब, या फोटोत लाल म्हणजे जिवंत हिरवी पानं. डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश पानं परत फेकतात, तो इथे लाल रंगात दाखवला आहे. मी ज्या जखमांवर गळा काढला, ते सगळे करंज आणि खैर निघाले. आणि माझा निळाशार ओढा? तो होता ओढ्यात ओतलेला राडारोडा; सिमेंट-काँक्रीट अशा फोटोत निळसर दिसतं. अधिकाऱ्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि स्थळपाहणी झाल्याशिवाय रस्त्याचा निर्णय नाही, असं तिथेच सांगितलं. वकिलांनी पुन्हा कुणाला हात जोडले नाहीत.

माझं भाषण पडलं, पण टेकडी उभी आहे. बाहेर सगळे "दीक्षाचे मामा का आपण?" असं विचारत होते. इतक्या वर्षांत कुठल्याही हाराने मान इतकी ताठ झाली नव्हती. तेव्हा पुन्हा कुणी विचारलं, तर पोरगी फोटो रंगवते असं म्हणू नकोस. ती खरं दिसेल असं करते.

तुझा धाकटा भाऊ,
सीताराम

ता. क. पाहणीनंतर पुन्हा सुनावणी आहे. मी तोंड उघडणार असेन तर दीक्षा येणार नाही म्हणते. तू आई आहेस, तुझं ऐकेल. निदान पाच मिनिटं तरी मिळवून दे.

पुन्हा ता. क. फोन करू नकोस. आत्ताच तिने परवानगी दिली. म्हणाली, "खुशाल बोला मामा. फक्त या वेळी आपल्या बाजूने बोला."