कंट्रोल सॅम्पल माझं होतं

१४ ऑक्टोबर, मंगळवार
कंट्रोल सॅम्पल बिघडलं! लॅबमधलं नवं मशीन तपासायला तुलनेसाठी निरोगी पुरुषाचं वीर्य हवं होतं. मीच दिलं — वय एकोणतीस, सिगरेट नाही, दारू नाही. शुक्राणूंची संख्या उत्तम. पण अडतीस टक्के शुक्राणूंचा डीएनए तुटलेला. तीसच्या वर गेलं की आम्ही काळजीचं म्हणतो. मशीनचीच चूक असणार.

१५ ऑक्टोबर
मशीनची चूक नाही. पुन्हा केलं. तेच.

१७ ऑक्टोबर
लिंडाला, म्हणजे माझ्या गाइडला, सांगितलं. ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढले की शुक्राणूचं आवरण आणि आतला डीएनए कुरतडला जातो, आणि त्याला स्वतःची डागडुजी फारशी जमत नाही — तीन वर्षं मी हेच लोकांना समजावतोय. आज ती मला समजावत होती. एका रिपोर्टवर काही ठरत नाही, युरॉलॉजिस्टला दाखव, म्हणाली.
जानेवारीत लग्न. चैत्राली तिकडे डॅलसजवळ अर्विंगला, मी इथे ट्रॉयमध्ये. व्हिडिओ कॉलवर हॉलच्या बुकिंगचं बोललो. बाकी काही नाही.

२४ ऑक्टोबर
डाव्या अंडकोषाच्या शिरा फुगल्यात. तिथे रक्त साचतं, उष्णता वाढते आणि सगळं बिघडतं. ऑपरेशनने बरेचदा सुधारतं, असं डॉक्टर म्हणाले. बरेचदा! नेहमी का नाही?
घरी आलो तर आईचा फोन. चैत्रालीच्या आईशी नातवाच्या नावावरून तिचं गमतीत भांडण झालंय म्हणे. मी हसलो. हसता आलं.

२५ ऑक्टोबर
रूममेट अवधूतला सांगितलं. "लग्नानंतर सांग यार. आत्ता कशाला?" त्याच्यावर भडकलो. कारण मीही मनात तेच ठरवत आणलं होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार
सकाळच्या विमानाने डॅलस. चैत्राली घ्यायला आली होती. एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये, गाडी सुरू व्हायच्या आत सगळं सांगून टाकलं. लग्न मोडायचं असेल तर मोड, हेही. तिने एवढंच विचारलं, "ऑपरेशन फार दुखतं का?" आणि माझा हात धरून रडली. मला वाटलं, माझ्यासाठी रडतेय.

२ नोव्हेंबर
आज चहा पिताना चैत्राली म्हणाली, "निहार, मला मूल नकोच आहे. कधीच नको होतं. सांगायची हिंमत होत नव्हती." बोलून झाल्यावर तिचा चेहरा किती मोकळा झाला! मी मान डोलावली.
परतीच्या विमानात बसलोय. मला हवंय.