न फुटणारं हेल्मेट

३ जून, सकाळी
संकल्प. यापुढे ऑफिसात कोणाच्याही अंगावर काहीही फेकायचं नाही. कालचा पेपरवेट धरू नये. तो मी भिंतीवर फेकला होता, हिशेबनीस मध्ये आला. कानाला टाके. रजा मागतोय. नाही दिली. हिशेब कानाने करत नाहीत.

प्रयोगशाळेची संचालक म्हणून देशाला स्वतःचं हेल्मेट देणार आहे मी. दुचाकीवाल्यांसाठी. ३० तारखेला अनुदान समितीचे अध्यक्ष बघायला येणार. पसंत पडलं तर पाच वर्षांचा पैसा, नाहीतर कुलूप. अध्यक्ष प्रत्येक भाषणात म्हणतात, देश पुढे न्यायचा तर नवी यंत्रं हवीत, संशोधनाला पैसा हवा आणि बाहेरची हुशार माणसं इथे यायला हवीत. यंत्रं आहेत. पैसा मागितलाय. हुशार माणूस मी आहेच. तरी गेल्या वर्षी एक परदेशी बाई पाठवली आहे.

५ जून
बाई हेल्मेटच्या आतल्या फोमची तज्ज्ञ. आपली भाषा आमच्या मेकॅनिककडून शिकली, त्यामुळे ‘नमस्कार’ आणि ‘आभारी आहे’ सोडून सगळं बोलता येतं.

आज तिचं हेल्मेट तपासलं. आमच्याकडे लोखंडी डोकं आहे, आत सेन्सर. त्याला हेल्मेट घालायचं, उंचावरून आपटायचं, डोक्याला किती हादरा बसला तो आकडा वाचायचा. पहिल्याच आपटीत तिचं हेल्मेट तडकलं, फोम चेपला. मी म्हटलं, फुटलं की हो. ती म्हणाली, फुटायलाच केलंय, मार त्याने खायचा, डोक्याने नाही. मी विचारलं, फुटणारी वस्तू लोक पैसे देऊन घेतील? ती म्हणाली, घेणारा जिवंत राहिला तर दुसरी पण घेईल. पुढे आणखी काही म्हणाली. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिचा इथे राहण्याचा परवाना ३० तारखेला संपतो. वाढवायला माझी शिफारस लागते. मुलगी इथल्या शाळेत रुळली आहे म्हणे. बघू. आधी हेल्मेट कडक करून दाखव म्हणावं.

११ जून
माझं हेल्मेट तयार! वरचं कवच दुप्पट जाड, आतला फोम लाकडासारखा. आपटलं. खालच्या लोखंडी ठोकळ्यातून ठिणगी उडाली, हेल्मेटवर ओरखडा नाही. सेन्सरचा आकडा मात्र लाल पट्ट्याच्या पार. मेकॅनिक म्हणाला, मॅडम, हा माणूस मेला. मी म्हटलं, माणूस नाही, सेन्सर मेला. बदला.

१४ जून
नवा सेन्सर. तोच आकडा. सेन्सरचा दर्जा हल्ली फार घसरलाय. तिसरा मागवला. मेकॅनिकने विचारलं, अजून किती मारायचे? मी काहीही फेकलं नाही. पाना टेबलावरून फक्त सरकवला. जरा जोरात. त्याच्या पायावर पडला. बूट घालून येत जा म्हटलं.

१९ जून
परदेशी बाई दोन कलिंगडं घेऊन आली. मला वाटलं, बाई मऊ पडली. तिने एक माझ्या हेल्मेटमध्ये कोंबलं आणि वरून हातोडा हाणला. हेल्मेट शाबूत. आतून लाल रस माझ्या फायलींवर, माझ्या साडीवर, हिशेबनिसाच्या पँटवर. दुसरं तिच्या हेल्मेटमध्ये. हेल्मेटचे तुकडे, कलिंगड अख्खं. मेकॅनिकने टाळी वाजवली.

मी म्हटलं, माझ्यातलं जास्त पिकलेलं होतं. त्यावर तिने हातोडा आपटला, टेबलाची काच फुटली. मी हातोडा ओढला, तिने माझे केस. आम्हाला सोडवायला हिशेबनीस मध्ये पडला. आता दोन्ही कान सारखे दिसतात.

संकल्प अजूनही पाळलेला आहे. हे फेकण्यात मोडत नाही.

२३ जून
बाई आली. हातात हातोडा नाही, आवाज खाली. शेजारच्या देशाने तिला बोलावलंय, दुप्पट मोठी प्रयोगशाळा देतायत. पण मुलगी म्हणते, मी शाळा सोडणार नाही. तेवढी सही करा, मॅडम. पहिल्यांदाच मॅडम म्हणाली. क्षणभर पेन उचललं होतं. पण अशाने माणसं शेफारतात. म्हटलं, ३० तारखेला, माझं प्रात्यक्षिक झालं की करते. ती म्हणाली, परवाना त्याच दिवशी संपतो. मी म्हटलं, मग काय, वेळेतच झालं की!

३० जून, सकाळी
तिसरा सेन्सरही बिघडलेला निघाला. निर्णय: आज सेन्सर नाही. जिवंत डोकं. माझं. इतका विश्वास कुठला संशोधक दाखवतो?

जुलै, तारीख नर्सला विचारायची आहे
उशीवर वही ठेवून लिहिते आहे. ओळी वर जातात.

झालं ते असं. मी हेल्मेट घातलं, अध्यक्षांसमोर उभी राहिले, हातोडा मारा म्हटलं. मेकॅनिकने हात मागे घेतले. परदेशी बाई ओरडली, हेल्मेटला नाही, तुला लागेल, मूर्ख बाई. अध्यक्ष म्हणाले, असं नको. तेव्हा पाहुण्यांच्या रांगेतून आमचे हे उठले. घरी इतक्या तत्परतेने कधी उठत नाहीत. म्हणाले, मी मारतो, माझा हिच्यावर पूर्ण विश्वास आहे.

पुढचं आठवत नाही. हे सांगतात, हळूच मारला. नर्स म्हणते, हळू नव्हता. मी पडल्यावर ह्यांनी अध्यक्षांना विचारलं म्हणे, दुसरा नमुना लागेल का, एका चाचणीवर निष्कर्ष काढू नये असं ही नेहमी सांगते.

कवटीला बारीक भेग. हेल्मेटवर ओरखडा नाही. ही बाब अहवालात पहिल्या ओळीत यायला हवी.

९ जुलै
आज पेन नीट धरता आलं. शिफारशीवर सही केली. मन मोठं लागतं. वर लिहिलं, ‘या देशाला यांची नितांत गरज आहे.’ ह्यांच्याकडे दिली.

संध्याकाळी परत घेऊन आले. बाईच्या घराला कुलूप. शाळेत विचारलं तर मुलीचं नाव कमी केलेलं. निघताना ती बाकाला धरून बसली होती, सोडवताना दोन शिक्षिकांना चावली. १ तारखेलाच गेले सगळे. मेकॅनिकसुद्धा. त्यालाही तिकडे घेतलं म्हणे, बायको-मुलांसकट.

सही फार छान आली होती.

२ ऑगस्ट
कामावर रुजू. अध्यक्षांनी पैसा मंजूर केला आहे, सगळाच्या सगळा. त्यातून शेजारच्या देशाची हेल्मेटं विकत घ्यायची. आमची प्रयोगशाळा ती ठेवायचं गोदाम. हिशेबनिसाने बदली मागून घेतली. खोकी आली, एकटीने मोजून घेतली.

शिस्त आता उत्तम आहे. कोणी उलट बोलत नाही, कोणी उशिरा येत नाही. फेकायला पुष्कळ आहे, अंगावर फेकायला कोणी नाही.